दोन निळसर राखाडी छटांमधून एक निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील सदनिकेत १० बाय १२ फुटांची बेडरूम आहे, तिला उत्तरेकडे एकच खिडकी आहे, जमिनीवर आयव्हरी रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल आहेत आणि १० फुटांच्या एका भिंतीला सागवानी व्हिनिअरचे छतापर्यंत गेलेले कपाट आहे. उरलेल्या भिंतींसाठी तुम्ही दोन निळसर राखाडी छटा निवडल्या आहेत. दुकानात त्या जवळजवळ सारख्या दिसल्या. घरी आणल्यावर मात्र पहिली ‘समुद्राकडे झुकणारी’ आणि दुसरी ‘किंचित जांभळी’ वाटू लागली, आणि घरातली मते दोन्हीकडे विभागली गेली. रात्री त्या खोलीत कोणता दिवा लागतो, हे तुम्ही लिहिलेले नाही. तो मुद्दा महत्त्वाचा असल्यामुळे त्याकडे पुढे येतो.

उत्तर आधीच देऊन टाकतो. आहे ती फरशी आणि आहे ते कपाट ठेवून या खोलीत मी पहिली, म्हणजे हिरवट झाकेची छटा घेईन, आणि कार्डावर जी आवडली आहे तिच्याहून एक पायरी फिकी घेईन. दुसऱ्या छटेत दोष आहे असे मुळीच नाही. फरशी वेगळी असती तर मी कदाचित तिचीच शिफारस केली असती. दोन कार्डे एकमेकांना चिकटवून कितीही वेळ पाहिली तरी हा प्रश्न सुटत नाही, कारण निवडलेली छटा पुढची पाच-सात वर्षे त्या दुसऱ्या कार्डाशेजारी राहणार नाही, तर टाइल, कपाट आणि दिवा यांच्या शेजारी राहणार आहे.

प्रथम दोन्ही छटांत फरक नेमका कशाचा आहे, हे वेगळे काढावे. तो फिकेपणाचा असू शकतो, रंगाच्या जोराचा असू शकतो किंवा झाकेचा असू शकतो. फिकेपणासाठी कंपन्या एलआरव्ही नावाचा एक आकडा देतात. भिंत प्रकाशाचा किती हिस्सा परत फेकते ते तो ० ते १०० या मोजपट्टीवर सांगतो. छताला देतो तो पांढरा रंग साधारण ८० ते ९० च्या दरम्यान असतो. मध्यम निळसर राखाडी छटा ४० ते ५५ मध्ये येतात, आणि एकाच खिडकीच्या खोलीत चारही बाजूंना ४० च्या खालची छटा दिली, तर दिवसाही दिवा लावावासा वाटू लागतो. तुमच्या दोन छटांमध्ये या आकड्याचा फरक दोन-तीनचा असेल तर तो विसरून जावा. तो आठ-दहाचा असेल, तर तुमचा वाद झाकेचा नसून ‘खोली उजळ हवी की गडद’ असा आहे, आणि तो आधी मिटवला पाहिजे. तुमच्या वर्णनावरून तसे दिसत नाही. भांडण झाकेचेच आहे.

झाक ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे शेड कार्डाच्या त्याच पट्टीवरची सर्वांत गडद छटा पाहणे. फिक्या छटेत जे दबून राहते ते गडद छटेत उघड होते. एका पट्टीच्या तळाशी मोरपंखीच्या जवळ जाणारा निळा असेल आणि दुसऱ्या पट्टीच्या तळाशी वांग्याच्या सालीकडे झुकणारा, तर वरच्या दोन फिक्या छटा कितीही जुळ्या भासल्या तरी त्यांची घराणी निराळी आहेत. दुसरा मार्ग पांढऱ्याशेजारी धरून पाहण्याचा आहे, पण त्यात एक फसगत आहे. छपाईच्या ए-फोर कागदात तो अधिक शुभ्र दिसावा म्हणून प्रकाशाने निळसर चमकणारे द्रव्य घातलेले असते. त्याच्याशेजारी कोणतीही निळसर राखाडी छटा आहे त्याहून मळकट आणि कमी निळी दिसते. तुमच्या छताला जो पांढरा रंग लागणार आहे त्याचाच हात पुठ्ठ्यावर मारून घ्यावा आणि कार्ड त्याच्याशेजारी धरावे.

तिसरा मार्ग रंगाच्या दुकानातच उपलब्ध असतो, आणि तो फारसे कोणी वापरत नाही. टिंटिंग, म्हणजे रंग मिसळून छटा बनवणाऱ्या, यंत्राच्या संगणकात प्रत्येक छटेचे सूत्र असते. पांढऱ्या बेसच्या डब्यात कोणता स्टेनर, म्हणजे दाट रंगद्रव्य, किती सोडायचा, हे त्यात लिहिलेले असते. निळसर राखाडी छटांमध्ये काळा आणि निळा हे दोन स्टेनर बहुधा असतातच. खरी ओळख पटते ती तिसऱ्या स्टेनरने. तो हिरवा किंवा पिवळा ऑक्साइड असेल तर छटा समुद्राकडे जाणार, आणि जांभळा, किरमिजी किंवा तांबडा ऑक्साइड असेल तर ती जांभळाकडे जाणार किंवा तिची निळाई मरून ती अधिक राखाडी होणार. स्टेनरची नावे कंपनीगणिक संक्षिप्त कोडमध्ये असतात, पण दुकानदाराला विचारल्यास तो सहसा सांगतो. रंग मिसळण्यापूर्वी पडद्यावर दोन्ही सूत्रे पाहून घ्या. डोळ्यांनी कितीतरी वेळ जे ठरत नाही, ते तिथे एका ओळीत लिहिलेले असते.

आता तुमच्या खोलीकडे येऊ, पण आधी शेजारच्या रंगाचा परिणाम दाखवणारी एक जुनी गोष्ट. फ्रान्समध्ये गोबेलँ येथे गालिचे आणि भित्तिपट विणण्याचा सरकारी कारखाना होता, आणि तेथील रंगशाळेची जबाबदारी शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. काळे सूत विटके दिसते अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासले तेव्हा दोष सुतात नव्हता, त्या सुताच्या शेजारी विणलेल्या रंगांत होता. शेजारचा रंग आपल्या विरुद्ध रंगाची झाक दुसऱ्यावर चढवतो, हा नियम त्यांनी १८३९ मध्ये सविस्तर मांडला. पिवळ्याशेजारी राखाडी रंग निळा-जांभळा भासतो, नारिंगीशेजारी निळा, आणि लालशेजारी हिरवट. राखाडी रंग जितका सौम्य, तितका तो या दबावाला लवकर बळी पडतो, आणि म्हणूनच निळसर राखाडी छटांच्या बाबतीत इतक्या तक्रारी येतात. भडक निळ्या रंगाला शेजाऱ्याचे फारसे काही वाटत नाही.

तुमची आयव्हरी टाइल म्हणजे फिका पिवळा रंग आहे, आणि तो खोलीच्या सर्वांत मोठ्या सलग पृष्ठभागावर आहे. सागवानी व्हिनिअर पॉलिश झाल्यावर नारिंगीकडे झुकतो. दोन्ही मिळून भिंतीला निळ्या-जांभळ्याकडे ढकलणार आहेत. जी छटा मुळातच जांभळट आहे ती या ढकलण्याने लव्हेंडरच्या उंबरठ्यावर जाऊन पोहोचेल, आणि मग ‘आम्ही राखाडी सांगितला होता, हा जांभळा कसा झाला’ हा प्रश्न रंगाऱ्याला विचारला जाईल, ज्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. हिरवट झाकेची छटा याच दबावाखाली मधोमध येते. तिचा हिरवटपणा टाइलमुळे कापला जातो आणि भिंत पारव्याच्या पंखासारखी, ना धड निळी ना धड राखाडी अशी दिसते. बहुतेकांना निळसर राखाडी रंग मनात येतो तो असाच असतो.

फरशी बदलली की हिशेब उलटतो. कोकणात किंवा गोव्यात जुन्या घरांतून तांबड्या ऑक्साइडची कोबा केलेली जमीन असते. तिच्याशेजारी हिरवट झाकेची छटा सरळ हिरवी वाटू लागते आणि जांभळट झाकेची छटा शांत, स्वच्छ निळसर दिसते. तेथे मी दुसरीच घेतली असती. कोटा फरशी स्वतःच हिरवट करडी असल्यामुळे जांभळट भिंतीचा जांभळेपणा ती वाढवते. शुभ्र संगमरवर किंवा तटस्थ राखाडी टाइल असेल, तर दोन्ही छटा आपापल्या जागी राहतात आणि निवड आवडीवर सोडता येते.

येथे एक बारकावा सांगणे आवश्यक आहे. फरशी भिंतीवर दोन प्रकारे परिणाम करते आणि ते दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध असतात. डोळा फरशीच्या विरुद्ध रंगाची झाक भिंतीला देतो, ते वर सांगितले. पण फरशीवर ऊन पडले की तिच्यावरून परतलेला प्रकाश फरशीचाच रंग घेऊन भिंतीच्या खालच्या भागावर चढतो. पश्चिमेच्या खोलीत दुपारी चारनंतर आयव्हरी टाइलवर ऊन आले, की भिंतीचा खालचा तीन-चार फुटांचा पट्टा उबदार दिसतो आणि जांभळटपणा मावळतो. तुमची खिडकी उत्तरेला असल्यामुळे वर्षातील बराच काळ जमिनीवर ऊन येणार नाही, म्हणून पहिला परिणामच वरचढ ठरेल, असे मी धरले आहे.

उत्तरेच्या खोलीबद्दल परदेशी संकेतस्थळांवर जे वाचायला मिळते, ते आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाही. युरोपात किंवा उत्तर अमेरिकेत बहुतांश ठिकाणी उत्तरेच्या खिडकीतून वर्षभर मंद, गार प्रकाश येतो, म्हणून तिकडे अशा खोल्यांत निळा रंग टाळण्याचा सल्ला दिला जातो. पुणे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास येथे शून्य सावलीचा दिवस येतो, आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. एप्रिल ते ऑगस्ट या काळात सकाळी आणि सायंकाळी तिरपे ऊन उत्तरेच्या खिडकीतूनही डोकावते, अर्थात पावसाळी ढग जेवढे येऊ देतील तेवढेच. आपल्याकडच्या उत्तरेच्या खोलीची अडचण प्रकाश कमी असण्याची नसते, तो निळ्या आकाशातून विखुरून येण्याची असते. हिवाळ्यातील निरभ्र दुपारी हा प्रकाश चांगलाच निळसर असतो आणि तुमच्या दोन्ही छटा कार्डापेक्षा निळ्या दिसतील. म्हणूनच मी एक पायरी फिकी आणि जमल्यास अधिक राखाडी छटा सुचवली. खिडकीसमोर आंबा किंवा गुलमोहर असेल तर प्रकाश हिरवा होऊन येतो, आणि समोरच्या इमारतीला पिवळा रंग असेल तर तोही खोलीत येतो; रंगाऱ्याला बोलावण्याआधी खिडकीत उभे राहून समोर काय आहे ते पाहणे चांगले.

आता दिवा. बेडरूम मुख्यतः रात्री वापरली जाते, तरी रंग मात्र सर्वजण दिवसा निवडतात. दिव्याच्या प्रकाशाचा रंग केल्विन या आकड्याने सांगतात; तो जितका कमी तितका प्रकाश पिवळसर. दुकानांत सहसा ६५०० केल्विनचे पांढरेशुभ्र दिवे असतात, आणि त्या प्रकाशात सगळ्या निळसर छटा टवटवीत दिसतात. घरी ३००० केल्विनचा वॉर्म व्हाइट दिवा असेल तर त्यात निळा भाग कमी असतो. त्या प्रकाशात हिरवट झाकेची छटा करड्या-हिरवटाकडे सरकते आणि जांभळट झाकेची छटा बहुधा धुरकट, कधी किंचित तपकिरी-जांभळी दिसते. मला पहिला बदल सुसह्य वाटतो. दुसऱ्यात भिंत मळल्यासारखी वाटण्याचा धोका आहे. तुमच्याकडे ६५०० केल्विनचाच दिवा असेल, तर जांभळट छटा रात्रीही लव्हेंडरच राहील आणि खोली दवाखान्याच्या पॅसेजसारखी गार भासेल. ४००० केल्विनचा दिवा या दोन्ही छटांना सर्वांत न्याय देतो. म्हणजे दिवा कोणताही असो, माझे उत्तर पहिल्या छटेकडेच झुकते, पण किती ठामपणे, ते दिव्यावर अवलंबून आहे.

एलईडीबाबत आणखी एक गोष्ट सांगतो. घरगुती पांढरा एलईडी म्हणजे बहुधा निळ्या प्रकाशाची चिप आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर असतो. त्याच्या प्रकाशात सुमारे ४५० नॅनोमीटरला निळ्याचा उंच सुळका आणि ४८० च्या आसपास खळगा असतो. निळसर राखाडी छटांचे बरेच नाजूक फरक याच पट्ट्यात पडतात. त्यामुळे खोक्यावर सारखेच केल्विन लिहिलेले दोन दिवे एकाच भिंतीला निरनिराळी दाखवू शकतात. दिवा घेताना सीआरआय हा आकडा पाहावा; दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते तो १०० पैकी सांगतो. ८० सर्रास मिळतो, ९० किंवा त्याहून अधिक असलेला घेतल्यास रंग अधिक खरे दिसतात. रंगावर हजारो रुपये खर्च करून दिवा मात्र हाताला येईल तो लावायचा, हे मला कधी पटलेले नाही.

कार्डावरची छटा भिंतीवर अधिक गडद आणि अधिक रंगीत का दिसते, हेही समजून घ्यावे, कारण ‘एक पायरी फिकी’ या सल्ल्याचे मूळ त्यात आहे. समजा, भिंत निळ्या प्रकाशातील १०० पैकी ५० भाग परत फेकते आणि लाल प्रकाशातील ४०. एका भिंतीवरून आलेल्या प्रकाशात निळा लालाच्या सव्वापट झाला. हाच प्रकाश समोरच्या, त्याच रंगाच्या भिंतीवर आपटून परत आला की निळा २५ आणि लाल १६ उरतो. म्हणजे निळा आता दीडपटीहून अधिक झाला आणि एकूण प्रकाशही घटला. खोलीत असे परावर्तन सतत चालू असते आणि कोपऱ्यांत ते सर्वाधिक असते. म्हणून चारही बाजूंना निळसर छटा दिलेल्या खोलीचे कोपरे मधल्या भागापेक्षा अधिक निळे दिसतात. तुमच्या खोलीत एक भिंत कपाटाने व्यापलेली आहे, त्यामुळे हा परिणाम थोडा सौम्य होईल.

हे सर्व तर्क झाले. पैसे मोजण्यापूर्वी नमुना करून पाहिलाच पाहिजे. आजकाल अनेक कंपन्यांचे लहान नमुना-डबे मिळतात. ते न मिळाल्यास दोन्ही छटांचे एकेक लिटरचे डबे घ्यावेत. भिंतीवर थेट पॅच मारू नये. जुन्या भिंतीचा फिका पिवळा किंवा पीच रंग सभोवती असताना नवा पॅच कधीच खरा दिसत नाही, आणि पुढे रंग देताना त्या पॅचची कड पुट्टीखालूनही डोकावते. दोन फूट चौरस हार्डबोर्ड किंवा जाड पुठ्ठा घ्यावा, त्याला पांढऱ्या प्रायमरचा हात द्यावा आणि त्यावर छटेचे दोन हात रोलरने द्यावेत. ब्रशने दिलेला हात वेगळा दिसतो आणि भिंतीवर शेवटी रोलरच फिरणार असतो. मग एक दिवस सुकू द्यावे. इमल्शन ओले असताना फिके दिसते आणि सुकल्यावर गडद होते. ज्यांच्या डोळ्यांसमोर नीळ घातलेल्या चुन्याच्या भिंती आहेत त्यांचा येथे गोंधळ उडतो, कारण चुन्याचे अगदी उलट असते. तो ओला असताना पारदर्शक आणि सुकल्यावर पांढरा होतो. ओल्या नमुन्यावरून ‘फारच फिका आला’ म्हणून दुकानात धावत जाऊन गडद करून आणणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

सुकलेला पुठ्ठा हातात धरून किंवा पलंगावर आडवा ठेवून पाहू नये. आडव्या पृष्ठभागावर छताचा प्रकाश पडतो, भिंतीवर तसा पडत नाही. तो उभा करून आधी कपाटाला टेकवावा, मग टाइलवर स्कर्टिंगपाशी ठेवावा, मग खिडकीच्या समोरच्या भिंतीवर आणि शेवटी खिडकी असलेल्या भिंतीवर लावावा. ही शेवटची भिंत लोक विसरतात, आणि तीच सर्वांत अंधारी असते, कारण तिच्यावर खिडकीचा प्रकाश थेट पडतच नाही आणि शेजारच्या झगझगाटाने डोळा दिपलेला असतो. तुम्हाला आवडलेली छटा तेथे काळवंडत असेल तर ती एक पायरी फिकी करणे अटळ आहे. एका वेळी एकच पुठ्ठा बाहेर ठेवावा आणि दुसरा दृष्टीआड करावा. दोन्ही शेजारी ठेवले की प्रत्येक छटा दुसरीची झाक फुगवते आणि जो फरक भिंतीवर कधी जाणवणारच नाही, त्यावर तुम्ही भांडत बसता. खोलीत काही मिनिटे दुसरेच काम करीत बसावे आणि मग मान वर करून पाहावे. सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री दिवा लावून असे पाहिले की चित्र स्पष्ट होते. कोपऱ्यात रंग किती दाटेल हे पाहायचे असेल तर पुठ्ठा मधोमध दुमडून काटकोनात उभा करावा आणि आतल्या घडीकडे पाहावे. तेथील रंग मोकळ्या भागापेक्षा गडद दिसेल, आणि तुमच्या खोलीचे कोपरे साधारण तसेच असतील.

या पाहणीत मोबाइलच्या छायाचित्रावर विसंबू नये. कॅमेरा पांढऱ्याचा तोल आपोआप साधतो, म्हणजे चौकटीत निळे जास्त आले की तो ते कमी करून टाकतो. परगावी असलेल्या बहिणीला फोटो पाठवून मत घेण्याची पद्धत इतर वस्तूंसाठी ठीक आहे; निळसर राखाडी छटेसाठी तिचा उपयोग शून्य आहे.

घरातल्या मतभेदाविषयी एक शब्द. सर्वांचे डोळे एकसारखे पाहत नाहीत, ही केवळ म्हणण्याची गोष्ट नाही. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश कमी आत येतो. म्हणून वडीलधाऱ्यांना हीच छटा नुसती राखाडी, कधी ‘सिमेंटसारखी’ वाटते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली की तेच आजोबा तीच भिंत पाहून ‘हा निळा केव्हा दिला’ असे विचारतात. दोघेही आपापल्या परीने खरेच सांगत असतात. अशा वेळी मताधिक्य घेण्यापेक्षा ज्याची खोली आहे त्याने, त्याच खोलीत, त्याच्या नेहमीच्या दिव्याखाली पाहून ठरवावे.

छटा ठरली की ती ज्या उत्पादनात, ज्या कंपनीच्या कार्डावर पाहिली त्यातच घ्यावी. ‘हाच रंग दुसऱ्या कंपनीत जुळवून देतो, स्वस्त पडेल’ असे सांगितले जाते, आणि दुकानातील दिव्याखाली तो जुळतोही. पण वेगळ्या स्टेनरांनी गाठलेली तीच छटा वेगळ्या दिव्याखाली फुटते. याला मेटॅमेरिझम म्हणतात, आणि काळा, निळा व तिसरा एखादा स्टेनर यांच्या नाजूक तोलावर उभ्या असलेल्या निळसर राखाडी छटांत तो हमखास त्रास देतो. फिनिशच्या बाबतीत माझा कल मॅटकडे आहे. झळाळी असलेल्या फिनिशवर आकाशाचा निळा प्रकाश चमकतो, भिंतीचा एक भाग फिका आणि एक गडद दिसतो, आणि खिडकीला लागून असलेल्या भिंतीवर तिरप्या प्रकाशात पुट्टीचे सगळे उंचसखल उघडे पडते. लहान मुले असतील आणि भिंत वारंवार पुसावी लागणार असेल, तर धुता येणारे मॅट घ्यावे. झळाळी हवीच असेल तर ती अगदी मंद असावी. छत आणि दरवाजाच्या चौकटी तटस्थ पांढऱ्या ठेवाव्यात, कारण क्रीम छत निळसर भिंतीवर जुनाट आणि पिवळे दिसते. पडद्यांचा विचार रंगाच्या आधी करू नये. पडदे बदलता येतात, टाइल बदलता येत नाही.

एवढे करूनही दोन्ही पुठ्ठे चारही वेळांना सारखेच वाटले, तर त्याचा अर्थ तुमच्या खोलीत त्या छटांमधील फरक जाणवण्याइतका नाही, आणि मग सूत्रात रंगीत स्टेनर ज्यात कमी आहे ती घ्यावी. प्रकाश वाढवणे किंवा दिवा बदलणे भविष्यात सोपे असते. भिंतीतला जादा निळा रंग मात्र पुन्हा रंगवल्याशिवाय काढता येत नाही.

प्रमाणाचा अंदाज असा. कपाटाची भिंत, दार आणि खिडकी वजा जाता ९ फूट उंचीच्या तुमच्या खोलीत साधारण २६५ चौरस फूट भिंत रंगवायची उरते. चांगले इमल्शन दोन हातांसाठी लिटरला १२० ते १४० चौरस फूट पुरते, म्हणजे साधारण दोन ते सव्वादोन लिटर लागेल. एकेक लिटरचे तीन डबे घेण्याऐवजी चार लिटरचा एकच डबा टिंट करून घ्यावा. लहान डब्यात स्टेनर इतक्या थोड्या प्रमाणात पडतो की यंत्राची किंचित चूकही छटेत उतरते, आणि तीन डबे तीन भिंतींवर गेले तर कोपऱ्यात ती दिसते. नाइलाजाने लहान डबे घ्यावे लागलेच, तर सर्व रंग एका बादलीत एकत्र ढवळून मगच भिंतीला हात लावावा. उरलेला रंग मोठ्या डब्यात तसाच ठेवल्यास वर साय धरते. तो काठोकाठ भरेल अशा लहान, घट्ट झाकणाच्या बरणीत काढून, डब्यावरची छटेच्या कोडची आणि सूत्राची चिठ्ठी तिच्यावर चिकटवावी. पुढे खिळ्याची भोके बुजवल्यावर टचअप करताना तो रंग लहान रोलरनेच लावावा, कारण ब्रशचा डाग मॅट भिंतीवर लगेच ओळखू येतो.